मोटर चालू झाली, पण पाणी आलं का?

संत्र्याच्या झाडाला पाणी किती द्यायचं यापेक्षा ते कधी तोडायचं आणि कधी सोडायचं, हे ठरवणं अवघड. आंबिया बहार धरायचा तर हिवाळ्यात झाडाला ताण द्यावा लागतो. पानं मलूल होईपर्यंत ओलीत बंद. ताण सोडायचा दिवस आला की मग पाण्यात खंड चालत नाही. बुंध्याशी पाणी साचून राहिलं तर डिंक्या लागतो, ऐन फुलोऱ्यात पाणी चुकलं तर फूल आणि बारीक फळ गळतं. पांढुर्णा आणि सौंसर भागात ही गोष्ट शाळकरी पोरालाही ठाऊक असते, कारण घरातलं वर्षभराचं गणित त्यावर चालतं.

आणि ज्या मोटरवर हे सारं अवलंबून, तिची विहीर असते गावापासून कोसभर लांब. शेतीची थ्री-फेज लाईन पाळीनं मिळते. पाळी रात्रीची आली की माणूस बॅटरी आणि काठी घेऊन निघतो. वाटेत रानडुकरं, साप, जंगलाच्या कडेला बिबट. शेतात पोचावं तर एक फेज गेलेली असते, किंवा लाईन येऊन गेलेली असते. परत या, पुन्हा जा.

हा प्रदेश नकाशावर मध्य प्रदेशात आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्हा मागे राहिला. २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिली काढून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. कचेरीतला कागद हिंदीत असतो, बांधावरचं बोलणं मराठीत, आणि संत्रं, मोटर, मोटरचे सुटे भाग, दवाखाना, कॉलेज या सगळ्यासाठी पाय वळतात नागपूरकडे. या भागातली इंजिनिअरिंग शिकणारी पोरं सुट्टीत घरी येतात ती नागपूरच्या सीताबर्डीतून किंवा ऑनलाइन मागवलेले छोटे छोटे हिरवे-निळे सर्किट बोर्ड पिशवीत घेऊन. त्यांना घरची मोटर दुरून चालवायची असते. यंदा मी या पोरांबरोबर आणि त्यांच्या वडिलांबरोबर बगीच्यांत हिंडलो. हा लेख त्या पिशवीतल्या एका वस्तूबद्दल आहे : रेडिओ मॉड्यूल. कोणतं घ्यावं, आणि ते कशावरून ठरवावं.

मोटर दुरून चालवायची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी मोबाईल फोनवरून शेतपंप चालू-बंद करणारं 'नॅनो गणेश' हे उपकरण तयार केलं. २००९ साली नोकियाच्या जागतिक स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळालं. आज 'मोबाईल स्टार्टर' या नावानं तशी अनेक कंपन्यांची खोकी पंपघरांत दिसतात. खोक्यात सिमकार्ड असतं. मिस कॉल दिला की मोटर चालू होते. ज्या विहिरीवर मोबाईलची रेंज पक्की आहे तिथं मीही तेच सुचवीन. पण सातपुड्याच्या पायथ्याशी विहीर खोलगट जागी असते, रेंज कधी एका कंपनीची असते, कधी कुणाचीच नाही. स्वस्त खोक्यांमधलं सिम८००एल हे मॉड्यूल फक्त टू-जीवर चालतं. जिओकडे टू-जी कधी नव्हतंच, त्यामुळे ज्या भागात जिओचाच टॉवर आहे तिथं ते मॉड्यूल मुकं. फोर-जीची मॉड्यूल मिळतात, महाग पडतात. शिवाय प्रत्येक विहिरीच्या सिमचं रिचार्ज वेगळं.

सौंसरजवळच्या एका बगीच्यात मालकांनी मला आपलं मोबाईल स्टार्टर दाखवलं. ते नीट चालत होतं. तक्रार वेगळीच होती.

"मोटर चालू झाली असा मेसेज येते भाऊ. पण पानी आलं का नाई, ते कोन सांगन?"

त्यांचा हा प्रश्न मला कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा मोलाचा वाटला. उन्हाळ्यात विहिरीनं तळ गाठला की मोटर कोरडी फिरते. फुटव्हॉल्व्हमधून पाणी उतरलं की पंप नुसताच घुमतो. फोनवर 'चालू' दिसतं आणि टाकी रिकामी राहते. म्हणजे आपल्याला हवा आहे तो दोन्ही बाजूंनी बोलणारा दुवा : विहीर, टाकी आणि घर या तिन्ही ठिकाणांमधला. आणि या तिघांना एकमेकांशी बोलायचं तरी किती असतं? मोटर चालू की बंद, तिन्ही फेज आहेत का, मोटर किती अँपिअर ओढते, टाकीत पाणी कुठवर आलं. सगळं मिळून १० बाइटांत बसतं. या ओळीला जितकी अक्षरं लागली, तितकीही त्याला लागत नाहीत.

मॉड्यूल निवडताना हा आकडा सगळ्यात आधी मांडावा असं माझं ठाम मत झालं आहे. दुकानात नाहीतर ऑनलाइन यादीत डोळ्यांपुढे येतात ते वेग आणि अंतर. वेग जितका जास्त तितकं मॉड्यूल चांगलं, असं मनात बसलेलं असतं. संत्र्याच्या बगीच्याला वेगाची गरजच नाही. रेडिओमध्ये वेग आणि पल्ला एकाच पैशातून विकत घ्यायचे असतात. वेग सोडला की पल्ला वाढतो.

म्हणून पिशवीतले काही बोर्ड लगेच बाजूला ठेवता येतात. एचसी-०५ हे ब्लूटूथ मॉड्यूल पंपघराच्या भिंतीपलीकडे फारसं जात नाही. स्टार्टरपाशी उभं राहून फोनवर आकडे बघायला ते छान. नॉर्वेच्या नॉर्डिक कंपनीच्या चिपवरचं एनआरएफ२४एल०१ स्वस्त आहे, चपळ आहे, खेळण्यातल्या शर्यतीच्या गाडीला उत्तम. ते चालतं २.४ गिगाहर्ट्झवर. ईएसपी८२६६ आणि ईएसपी३२ या शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीच्या चिपांमध्ये वाय-फाय अंगभूत येतं, तेही त्याच पट्ट्यात. घर आणि गोठा, किंवा घर आणि अंगणातली टाकी एवढंच जोडायचं असेल तर ईएसपी३२ पुरे, दुसरं काही शोधू नये. पण २ किलोमीटर मोकळ्या हवेतून जाताना २.४ गिगाहर्ट्झची लहर ८६६ मेगाहर्ट्झच्या लहरीपेक्षा साधारण ९ डेसिबेलनं मागे पडते, म्हणजे पोचणारी ताकद आठपटीनं कमी. हे मोकळ्या माळावरचं गणित. मध्ये ६ मीटरांवर लावलेली संत्र्याची झाडं असतात, बाराही महिने हिरवी, आणि पानातलं पाणी २.४ गिगाहर्ट्झची लहर पिऊन टाकतं.

पोरांच्या पिशवीत सगळ्यात जास्त वेळा सापडलं ते लोरा मॉड्यूल, आणि ते योग्यच आहे. लोरा ही पद्धत फ्रान्समधल्या ग्रेनोबल शहरातल्या सायक्लिओ या छोट्या कंपनीनं काढली. २०१२ साली अमेरिकेतल्या सेमटेकनं ती कंपनी विकत घेतली आणि आज बाजारातल्या बहुतेक लोरा मॉड्यूलांच्या पोटात सेमटेकची चिप असते. यात प्रत्येक संदेशखूण ही खालच्या कंपनसंख्येपासून वरच्या कंपनसंख्येपर्यंत सरकत जाणारी एक लांब लहर असते. गावात दवंडी देणारा कोतवाल शब्द ओढून ओढून, सावकाश उच्चारायचा, म्हणून वाऱ्यातही चार आळ्या पलीकडे तो कळायचा. लोराचं काम त्याच रीतीनं चालतं. गोंगाटाच्या पातळीखाली गेलेला संदेशही पलीकडच्याला वेगळा काढता येतो.

ही ओढ किती ठेवायची ते आपल्या हातात असतं. त्याला स्प्रेडिंग फॅक्टर म्हणतात आणि साधारण ७ ते १२ या आकड्यांत तो ठरवतात. आपला १० बाइटांचा निरोप १२५ किलोहर्ट्झच्या पट्टीतून ७ वर पाठवला तर ४१ मिलिसेकंदांत संपतो. १२ वर पाठवला तर त्याला जवळपास १ सेकंद लागतो. पोरं सरसकट १२ ठेवतात, कारण पल्ला जास्तीत जास्त. पण तेवढा वेळ रेडिओ करंट ओढत राहतो आणि तेवढा वेळ हवा अडवून ठेवतो. एकाच शिवारात दहा-बारा मोटरी या रेडिओवर आल्या की निरोप एकमेकांवर आदळायला लागतील. ९ किंवा १० वर काम भागत असेल तर तिथंच थांबावं. १० वर तोच निरोप २८९ मिलिसेकंदांत जातो.

आता एक असा भाग, जो अभ्यासक्रमात बहुधा घाईनं उरकला जातो आणि ज्यावर मला थोडं थांबायचं आहे : कंपनसंख्या कोणती. लोरा मॉड्यूल तीन आकड्यांनी विकली जातात, ४३३, ८६८ आणि ९१५. दिसायला सारखी, किमतीत थोडा फरक. सगळ्यात सहज मिळतं ते ४३३चं आरए-०२, त्यात एसएक्स१२७८ ही चिप असते. भारतात ४३३-४३४ मेगाहर्ट्झचा विनापरवाना वापर फक्त १० मिलिवॅटपर्यंत आणि घराच्या आतल्या कामासाठी ठेवलेला आहे. विहीर ते घर या कामाला तो पट्टा नियमानं बसत नाही. ९१५ हा अमेरिकेचा आकडा. तिथं ९०२ ते ९२८ मोकळा आहे. आपल्याकडे ८९० ते ९१५ या पट्ट्यातून मोबाईल हँडसेट टॉवरशी बोलतात. तिथं आपला रेडिओ ओरडायला लागला तर शेजाऱ्याच्या फोनमध्ये खोडा घालतो, आणि तो सरळसरळ नियमभंग आहे.

आपला पट्टा आहे ८६५ मेगाहर्ट्झचा. २००५ साली केंद्र सरकारनं ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ कमी ताकदीच्या उपकरणांसाठी विनापरवाना केला, २०२१ साली तो ८६८ पर्यंत वाढवला. मर्यादा किती, तर १ वॅट ट्रान्समीटरची आणि अँटेनासकट ४ वॅट. युरोपात ८६८च्या नेहमीच्या पट्ट्यात २५ मिलिवॅटच चालतात, शिवाय तासातल्या १ टक्क्याहून जास्त वेळ बोलायला बंदी. आपला नियम शेतकऱ्याच्या किती सोयीचा आहे ते यावरून कळावं. हा नियम माहीत असलेला एकही माणूस मला पंपाच्या दुकानांत भेटला नाही आणि याचं मनापासून वाईट वाटलं, कारण चांगला कायदा असून त्याचा फायदा कुणापर्यंत पोचलेला नाही.

तेव्हा घ्यायचं ते ८६८ म्हणून विकलं जाणारं मॉड्यूल, एसएक्स१२७६ किंवा नवी एसएक्स१२६२ चिप असलेलं, आणि प्रोग्राममध्ये कंपनसंख्या ८६५ ते ८६८च्या आत लिहायची. लोरावॅन या जागतिक पद्धतीत भारतासाठी ८६५.०६२५, ८६५.४०२५ आणि ८६५.९८५ अशा तीन वाहिन्या ठरलेल्या आहेत, त्यांतली घेतली तर उत्तम. इथं जवळून पाहिलेली एक बारीक गोष्ट सांगतो. नेटवरून उतरवलेल्या नमुना प्रोग्रामात बहुतेक वेळा ९१५ लिहिलेलं असतं. दोन्ही बोर्डांत तोच प्रोग्राम जातो, दोन्ही एकमेकांशी बोलतात, पोरं खूश होतात आणि ते ९१५ तसंच राहून जातं. कोणत्याही बगीच्यात गेलं की ती एक ओळ आधी बघावी. ज्याला हे यंत्र पुढे बनवून विकायचं आहे त्यानं केंद्राच्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन विंगची उपकरण-मान्यता असलेलंच मॉड्यूल पहिल्यापासून धरावं, नंतर बदलणं जड जातं.

अँटेनाचंही असंच. ८६६च्या लहरीची लांबी साधारण ३४.६ सेंटिमीटर, तिचा चौथा हिस्सा ८.६ सेंटिमीटर, साध्या तारेची अँटेना तेवढी हवी. ४३३ला ती १७.३ लागते. पांढुर्ण्याच्या अलीकडे एका पंपघरात संदेश दोनशे पावलांवर तुटत होता. मुलानं मॉड्यूल बदलून पाहिलं, प्रोग्राम बदलून पाहिला. अँटेना होती जुन्या वाय-फाय राउटरची. तिचा स्क्रू बोर्डावरच्या प्लगवर नीट बसला होता, आटे घट्ट लागले होते. काढून आत पाहिलं तर मधली पिन नव्हती. राउटरच्या अँटेना आरपी-एसएमए जातीच्या असतात, बोर्डावरचा प्लग साधा एसएमए. आटे जुळतात, पण आतला तांब्याचा स्पर्शच होत नाही. रेडिओ जवळजवळ अँटेनाशिवाय बोलत होता. अँटेनाशिवाय ट्रान्समीटर चालवणं त्याच्या जिवावरही बेततं. दुसरा नेहमीचा तोटा केबलचा. छपरावर अँटेना आणि खाली मॉड्यूल, मध्ये १० मीटर बारीक आरजी-५८ केबल. तेवढ्यात निम्म्याहून जास्त ताकद केबलीतच जिरते. त्यापेक्षा मॉड्यूलच पाणी न शिरणाऱ्या डबीत घालून वर अँटेनाच्या पायाशी बसवावं आणि खाली फक्त वीज आणि डेटाच्या तारा आणाव्यात. पाइप उंच असेल तर वीज पडायच्या दिवसांत त्याला अर्थिंग हवंच.

उंचीचं कारणही समजून घ्यायला हवं. दोन अँटेना एकमेकींना दिसल्या की झालं, असं नसतं. त्यांच्या मधल्या रेषेभोवती लहरीला मोकळी जागा लागते. २ किलोमीटर अंतर आणि ८६६ मेगाहर्ट्झ धरलं तर मध्यावर त्या जागेची त्रिज्या १३ मीटर भरते, तिच्यातला निदान ६० टक्के भाग, म्हणजे ८ मीटर, मोकळा असावा. बगीच्यात एवढी उंची कुणाला परवडणार? म्हणून काही ताकद झाडं खाणार हे गृहीत धरूनच हिशेब करायचा. लोरा इथं उपयोगी पडतं, त्याच्याकडे शिल्लक बरीच असते. मात्र चाचणी पोळ्याच्या सुमाराला घ्यावी, रान दाट आणि पानं ओली असताना. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव जाम नदीत गोटमारीला, म्हणजे परंपरेच्या दगडफेकीला, उभे असतात, त्या दिवसांत बांधावरची तूर, कपाशी, मका सगळी माजलेली असते. मे महिन्यात उघड्या शिवारात मोजलेला पल्ला भादव्यात टिकत नाही.

रेडिओ चांगला असूनही यंत्र फसतं ते बहुतेक वेळा स्टार्टरच्या पेटीत. तिथं ४४० व्होल्टचा कॉन्टॅक्टर खाडकन बसतो, त्या क्षणी उडणाऱ्या विजेच्या धक्क्यानं शेजारचा मायक्रोकंट्रोलर गोंधळतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. कधी सुरू होताना रिले क्षणभर ओढला जातो आणि बंद केलेली मोटर पुन्हा लागते. कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर स्नबर, रिले आणि बोर्ड यांच्यामध्ये ऑप्टोकपलर, मॉड्यूलच्या पायांना चिकटून कपॅसिटर, आणि रेडिओची डबी पेटीच्या बाहेर : एवढं केलं की निम्मे आजार जातात.

आणि वीज. पंपघरात लाईन आहे म्हणून पोरं मॉड्यूल थेट तिच्यावर चालवतात. पण घरच्या माणसाला सगळ्यात आधी हवा असलेला निरोप असतो, 'लाईन गेली'. तो पाठवायची वेळ येते नेमकी लाईन नसताना. म्हणून विहिरीवरच्या मॉड्यूललाही स्वतःचा सेल लागतो. टाकीवरचं मॉड्यूल तर सोलर पट्टी आणि एका लिथियम सेलवरच जगतं. एसएक्स१२७६ झोपेत १ मायक्रोअँपिअरहून कमी खाते, पण तिच्याबरोबर बोर्डावर जोडलेले दिवे आणि रेग्युलेटर त्याच्या कितीतरी पट खात बसतात. सेल आठवड्यात का उतरतो, याचं उत्तर रेडिओत शोधू नये, त्या लाल दिव्यात शोधावं.

यानंतर मोठा प्रश्न उरतो, आणि तो मॉड्यूलच्या यादीत कुठंच नसतो : दुवा तुटला तर मोटरनं काय करावं? मोटर चालू आहे आणि घराचा निरोप येईनासा झाला. इंजिनिअर म्हणतो, बंद करा, तेच सुरक्षित. शेतकरी म्हणतो, ताण सोडायच्या रात्री मोटर बंद पडली तर बहार जातो. दोघांचंही खरं आहे. यावर मला पटलेलं उत्तर असं की निर्णय विहिरीवरच राहावा. घरानं फक्त सांगायचं, 'तीन तास चालव'. तो वेळ विहिरीवरच्या चिपनं स्वतः मोजायचा. मोटरच्या एका वायरीभोवती करंट मोजायची कडी घालायची. पंप कोरडा फिरायला लागला की करंट उतरतो, एक फेज गेली की उरलेल्या दोन वायरींत चढतो. दोन्ही वेळी चिपनं कुणाला न विचारता मोटर थांबवायची आणि मग घरी कळवायचं. सौंसरजवळच्या त्या मालकांच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. करंट योग्य आहे आणि टाकीतला फ्लोट वर सरकतो आहे, तरच फोनवर 'पाणी आलं' लिहून यावं. नुसत्या 'चालू'ला काही अर्थ नाही.

साध्या लोरा निरोपाला कुलूप नसतं, हेही ध्यानात घ्यावं. शेजारच्या बगीच्यात त्याच प्रोग्रामचा बोर्ड लागला तर एकाच्या बटणानं दुसऱ्याची मोटर लागू शकते. प्रत्येक यंत्राला वेगळा नंबर, प्रत्येक निरोपाला वाढत जाणारा अनुक्रमांक, गुप्त किल्लीनं केलेली सही आणि उलट पोचपावती, एवढं ठेवावंच.

सौंसरला मोटर बांधणाऱ्या एका वाइंडिंगवाल्यांकडे आम्ही त्या मालकांच्या बगीच्यासाठी जुळवलेली पेटी उघडून दाखवायला नेली. मोटर जळाली की अख्खा शिवार त्यांच्याकडे येतो, म्हणून त्यांचं मत महत्त्वाचं होतं. त्यांनी आधी पेटी हातात घेऊन हलवली, तारा ओढून पाहिल्या. मग म्हणाले, "हे सोल्डर काऊन केलं? उद्या पोरगं पुन्याले गेलं का मी हे कसं काढू?" मॉड्यूल सॉकेटमध्ये बसवायचं, एक जादा मॉड्यूल तोच प्रोग्राम भरून त्यांच्या ड्रॉवरमध्ये ठेवायचं, वर ८६५ असं ठळक लिहायचं, हे त्यांच्या बोलण्यातून ठरलं. हातानं चालवायचं हिरवं-लाल बटण कायम ठेवायचं हा त्यांचा आग्रह होता, रेडिओच्या तारेशी त्याचा काही संबंध नको म्हणाले. नव्या एसएक्स१२६२ मॉड्यूलची आमची यादी त्यांनी बाजूला ठेवली. नागपुरात कोणतं सहज मिळतं, तेच लावा.

सध्या त्या बगीच्यात विहीर, टाकी आणि घर बोलतात. मालकांची दुसरी विहीर टेकडीआड आहे, तिचा निरोप घरापर्यंत येत नाही. मध्ये एक रिपीटर लागतो, आणि त्याला योग्य उंचीचं छप्पर आहे ते शेजारच्या शेतकऱ्याचं. छपरावर पाइप उभा करू द्यायला ते तयार झाले, एका अटीवर : त्यांचीही मोटर जोडायची. तिला तिसरा नंबर दिला आहे.